न गोठणाऱ्या पाण्याकाठचे गाव

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, उणे अठरा तापमानात, मी पूर्व फिनलंडमधल्या सावोनलिन्ना या गावाच्या काठावर उभी होते. तळ्याचा जेवढा भाग नजरेच्या टप्प्यात होता तेवढा सगळा पांढरा होता. दूरवर दोन माणसे बर्फाला भोक पाडून, बुटक्या स्टुलांवर बसून, वीतभर लांबीच्या काठीने मासे धरत होती. एक बाई कुत्र्याला घेऊन तळ्यावरून सरळ पलीकडच्या किनाऱ्याकडे निघाली होती, जणू तिथे पूर्वापार रस्ताच असावा. माझ्या समोरच्या अरुंद सामुद्रधुनीत मात्र पाणी वाहत होते. ते काळेभोर आणि वेगवान होते, आणि त्याच्यावर वाफेचा पातळ पडदा तरंगत होता. त्या वाफेतून दगडी किल्ल्याचे तीन गोल बुरूज वर आले होते.

गावाची ओळख करून घ्यायची तर ती या पाण्यापासूनच करावी, असे मला त्या दिवशी वाटले. साइमा हे फिनलंडमधले सर्वांत मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात सुमारे १४,००० बेटे आहेत. एवढे मोठे असूनही ते एकसंध दिसत नाही. अनेक तळी एकमेकांना चिंचोळ्या वाटांनी जोडून त्याचे जाळे तयार झाले आहे. त्यांपैकी हाउकिवेसी आणि पिहलायावेसी या दोन तळ्यांना जोडणारी सामुद्रधुनी म्हणजे क्यूरोनसाल्मी. वरच्या तळ्यांचे पाणी इथून खाली धावते, आणि त्या ओढीमुळे बाकीचे सरोवर गोठले तरी ही जागा गोठत नाही. पाचशे वर्षांपूर्वी किल्ला बांधायला जागा शोधणाऱ्या माणसाने नेमके हेच हेरले होते. एरवी या मुलुखात हिवाळा आला की खंदक, नद्या, तळी सगळे शत्रूसाठी सपाट मैदान होऊन बसते. इथे भर हिवाळ्यातही किल्ल्याभोवती वाहते पाणी राहते.

तो माणूस म्हणजे एरिक आक्सेलसन टॉट. जन्माने डॅनिश, पण स्वीडनच्या राज्यात मोठ्या अधिकारावर पोचलेला आणि व्हिबोर्गचा किल्ला हाताखाली असलेला हा सरदार. १४७५ मध्ये त्याने या खडकाळ बेटावर बांधकाम सुरू केले आणि नॉर्वेचा राजा-संत ओलाफ याचे नाव किल्ल्याला दिले. फिनिश भाषेत तो ओलाविनलिन्ना झाला. ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला. ‘सावो’ हा प्रांत, म्हणून सावोनलिन्ना म्हणजे सावोचा किल्ला. किल्ला आधी, गाव नंतर, आणि गावाला नावही किल्ल्याचेच.

आता यातली मेख. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होता, आणि स्वीडन व नोव्हगोरोड हे रशियन राज्य यांच्यात १३२३ मध्ये झालेल्या तहाने एक सीमारेषा ठरली होती. ती रेषा ज्या अर्थाने रशियाकडचे लोक वाचत, त्या अर्थाने हा किल्ला त्यांच्या हद्दीत बांधला जात होता. साहजिकच बांधकामावर हल्ले होऊ लागले आणि परदेशातून आणलेल्या गवंड्यांना सैनिकांच्या पहाऱ्यात दगड रचावे लागले. म्हणजे किल्ला सीमेच्या रक्षणासाठी बांधला म्हणावे, तर सीमा नेमकी कुठे आहे याचेच भांडण त्याच्या पायाभरणीत होते. त्यानंतरचा या गावाचा इतिहास मी जसजसा वाचत गेले, तसतसे मला जाणवत गेले की गाव जागचे हललेले नाही; सीमा मात्र सारखी त्याच्या अंगावरून ये-जा करत राहिली आहे.

१५९५ च्या तहाने सीमा पूर्वेकडे सरकली. १६१७ मध्ये ती आणखी पूर्वेला, थेट लादोगा सरोवराच्या पलीकडे गेली, आणि ओलाविनलिन्नाला राखण करायला काही उरले नाही. तोपर्यंत किल्ल्याच्या आडोशाने शेजारच्या बेटावर बाजार भरू लागला होता. १६३९ मध्ये फिनलंडचा गव्हर्नर जनरल पेर ब्राहे याने त्या वस्तीला शहराचा दर्जा दिला. या ब्राहेला शहरे वसवण्याचा भारीच सोस होता. फिनलंडच्या नकाशावर त्याने वसवलेल्या गावांची रांगच लागते, आणि त्यांतली बरीचशी पुढे कितीतरी वर्षे गावठाणाएवढीच राहिली. सावोनलिन्नाही राहिले. मोजकी लाकडी घरे, एक चर्च, लोणी, कातडी, सुके मासे यांचा व्यापार, बस.

१७१४ मध्ये, उत्तर युरोपात ज्याला ‘महाउत्तरी युद्ध’ म्हणतात त्याच्या धामधुमीत, वेढ्यानंतर किल्ल्यातल्या शिबंदीने रशियापुढे शस्त्रे खाली ठेवली. १७२१ च्या तहात व्हिबोर्ग रशियाकडे गेले आणि सावोनलिन्ना स्वीडनकडे परत आले. सीमा पुन्हा दाराशी आली. वीस वर्षांनी पुन्हा युद्ध, पुन्हा शरणागती, आणि १७४३ च्या तहाने किल्ला व गाव दोन्ही रशियाच्या मालकीचे झाले. गंमत बघा, रशियाला अडवण्यासाठी बांधलेला किल्ला आता रशियाने स्वीडनला अडवण्यासाठी मजबूत करायला घेतला. जाडजूड मातीचे आणि दगडांचे नवे बुरूज चढले, तोफांची तोंडे पश्चिमेकडे वळली. हा किल्ला लढून कोणी घेतला नाही, दोन्ही वेळा तो वाटाघाटीने दिला गेला, असे तिथले मार्गदर्शक आवर्जून सांगतात. त्यांच्या आवाजात त्याचा अभिमान असतो की थोडी थट्टा, ते मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडली. १७९० च्या सुमाराला रशियाचा सेनापती अलेक्सांद्र सुवोरोव्ह या भागाची तटबंदी तपासायला आला. अडचण अशी होती की लप्पेनरांता या तळापासून सावोनलिन्नापर्यंत रशियन तोफनौकांना यायचे तर वाटेत पुमालाजवळ स्वीडनच्या हद्दीतले पाणी लागे. सुवोरोव्हने त्यावर उपाय म्हणून चार लहान कालवे खणवून घेतले, म्हणजे नौका सगळा प्रवास आपल्याच पाण्यातून करू शकतील. हे कालवे १७९० च्या दशकात पुरे झाले. १८०९ मध्ये सगळा फिनलंडच रशियाच्या झारकडे आला, पुमालाचे पाणीही आपसूक त्याचेच झाले, आणि एवढ्या कष्टाने खणलेले कालवे निकामी ठरले. आज ते गवताळ काठांमध्ये शांत पडून आहेत. त्यांच्यातला एक पाहायला आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. माझी मुलगी एस्पोला नोकरी करते, गाडी तीच चालवत होती, ती म्हणाली, “आई, हे बघायला आपण चाळीस किलोमीटर आलो?” तिचे बरोबर होते. बघण्यासारखे तिथे काही नाही. मला मात्र पंधरा-वीस वर्षांसाठी खणलेल्या त्या चरापाशी बराच वेळ थांबावेसे वाटले.

सीमा शेकडो मैल पश्चिमेला गेल्यावर किल्ल्याचे सैनिकी महत्त्व संपले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शिबंदी निघून गेली, काही वर्षे तिथे तुरुंग होता, मग तोही हलवला. त्यानंतर आगी लागल्या. आतले सामान, लाकडी मजले, छपरे जळून गेली. गावातले लोक पडक्या भिंतींचे दगड आपल्या घरांना वापरतील की काय अशी अवस्था आली होती. पण नेमक्या त्याच काळात फिनिश लोकांना आपण एक राष्ट्र आहोत याची जाणीव होऊ लागली होती, आणि १८७५ मध्ये किल्ल्याची चारशे वर्षे साजरी झाली. ज्या किल्ल्यात स्वीडिश आणि रशियन सैनिक राहिले, तो किल्ला फिनिश लोकांनी आपला म्हणून उचलला.

जुन्या दगडांना लोक कहाण्या जोडतातच. इथली कहाणी अशी की किल्ल्यातल्या एका तरुणीवर फितुरीचा आळ आला आणि तिला जिवंत भिंतीत चिणले. त्या भिंतीच्या फटीतून पुढे ‘पिहलाया’चे झाड उगवले. पिहलाया म्हणजे उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे आणि शरद ऋतूत लालभडक फळांचे घोस मिरवणारे, फिनलंडमध्ये अंगणाअंगणात दिसणारे झाड. फुले तिच्या निर्दोषपणाची आणि फळे तिच्या रक्ताची, असे सांगतात. पिहलायावेसी या तळ्याच्या नावातही हेच झाड आहे. ‘वेसी’ म्हणजे पाणी. ही कथा ऐकताना पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. तो बुरूज उभा राहावा म्हणून नवविवाहित जोडपे त्यात गाडल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. दोन इतक्या दूरच्या मुलुखांत गडाच्या भिंतीने सुनेचा किंवा मुलीचाच जीव मागावा, हे काही मला योगायोगाचे वाटत नाही. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

किल्ला थंडावला तेव्हा गाव मात्र जागे झाले, आणि तेही पाण्यामुळेच. १८५६ मध्ये साइमा कालवा खुला झाला. त्याने सरोवराला व्हिबोर्गपाशी समुद्राशी जोडले आणि आतल्या जंगलांतले लाकूड थेट जगाच्या बाजारात जाऊ लागले. ओंडक्यांचे अर्धा-अर्धा किलोमीटर लांबीचे तराफे ओढत वाफेची जहाजे सरोवरातून फिरू लागली. सावोनलिन्ना या जहाजांचे नाक्याचे बंदर झाले. सेंट पीटर्सबर्गहून श्रीमंत मंडळी हवापालटाला येऊ लागली, त्यांच्यासाठी स्नानगृहे आणि कॅसिनो उभी राहिली. बाजारचौकाजवळच्या धक्क्यावर आजही काही जुनी जहाजे बांधलेली दिसतात, आणि रीहिसारी बेटावरच्या संग्रहालयाला लागून ‘सालामा’ नावाचे जहाज आहे. सालामा म्हणजे वीज. १८७४ मध्ये व्हिबोर्गला बांधलेले हे जहाज १८९८ मध्ये ‘इल्मारी’ या दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. १९७१ मध्ये, म्हणजे त्र्याहत्तर वर्षांनी, ते सरोवराच्या तळातून वर काढले तेव्हा त्याचा लाकडी-लोखंडी देह जवळजवळ शाबूत होता. साइमाचे पाणी गोडे आणि थंड. खाऱ्या पाण्यातली लाकूड पोखरणारी कीड इथे नाही. सालामाच्या आत शिरल्यावर एक बारीक, ओलसर, दमट वास येतो. संग्रहालयवाल्यांनी कितीही नीटनेटके केले तरी तळाशी घालवलेल्या सत्तर वर्षांचा तो वास काही जात नाही, आणि जाऊही नये.

१९०८ मध्ये रेल्वे आली. ती एलिसेनवारा या जंक्शनवरून आली, आणि इथे पुन्हा सीमेची गोष्ट सुरू होते. एलिसेनवारा कारेलिया प्रांतात होते. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला, १९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघाने हल्ला केला, आणि १९४० चा तह, त्यानंतरचे युद्ध आणि १९४४ चा युद्धविराम यांच्या अखेरीस कारेलियाचा मोठा भाग, व्हिबोर्गसह, सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांहून जास्त माणसे घरेदारे सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. सावोनलिन्नावर १९३९-४० च्या त्या ‘हिवाळी युद्धा’त बॉम्ब पडले. २० जून १९४४ रोजी एलिसेनवारा स्थानकात निर्वासितांनी भरलेल्या गाड्या उभ्या असताना त्यांच्यावर बॉम्बफेक झाली आणि त्यात बायका-मुलांसकट कितीतरी माणसे मेली. ज्या जंक्शनने गावाला रेल्वे दिली ते जंक्शनच परदेशात गेले. कालव्याचा खालचा अर्धा भागही गेला. १९६३ मध्ये फिनलंडने तो भाग सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्याने घेतला आणि १९६८ मध्ये जहाजे पुन्हा सुरू झाली.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या आईने कारेलिया सोडताना गाय बरोबर चालवत आणली होती, एवढे त्यांनी एका सकाळी कॉफी ओतता ओतता सांगितले. मी पुढे काही विचारणार तेवढ्यात त्यांनी हवामानाचा विषय काढला. सावोच्या लोकांबद्दल फिनलंडमध्ये एक म्हण आहे: सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. म्हणजे तो सरळ ‘हो’ म्हणणार नाही, सरळ ‘नाही’ही म्हणणार नाही, अर्थ आपण लावायचा आणि चुकला तर आपणच भोगायचा. दक्षिणेकडचे फिनिश लोक यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करतात. मला मात्र त्या बोलण्यात दरवेळी नवा तह झाल्यावर नव्या राज्यकर्त्यापुढे उभे राहायची सवय झालेल्या माणसांचा सावधपणा दिसला. हा माझा तर्क. भाषेचा अभ्यासक कदाचित हसेल.

आता ऑपेराविषयी, कारण जगाला सावोनलिन्ना माहीत आहे ते ऑपेरामुळे. १९०७ मध्ये किल्ल्यात एक देशभक्तीपर मेळावा भरला होता. त्याला आयनो आक्ते ही गायिका आली होती. पॅरिसमध्ये नाव कमावलेली, आपल्या काळातली सर्वांत प्रसिद्ध फिनिश गायिका. किल्ल्याचे अंगण पाहून हे तर तयार रंगमंदिर आहे असे तिच्या मनात आले, आणि १९१२ मध्ये तिने पहिला महोत्सव भरवला. एर्क्की मेलार्टिन यांचा ‘आयनो’ हा फिनिश ऑपेरा तिथे झाला. झारच्या अमलाखाली, झारच्या सैन्याने मजबूत केलेल्या भिंतींच्या आत, फिनिश भाषेत. महायुद्ध, क्रांती, यादवी यांमुळे तो महोत्सव टिकला नाही. १९३० मध्ये अखेरचा झाला आणि पुढची सदतीस वर्षे अंगण गप्प राहिले. १९६७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बीथोव्हेनचा ‘फिडेलिओ’ झाला. फिडेलिओ ही अन्यायाने कोंडलेल्या कैद्यांची गोष्ट आहे, आणि तो ज्या अंगणात झाला तिथे शंभर वर्षांपूर्वी खरेच कैदी होते.

महोत्सवाला खरे रूप दिले ते मार्टी ताल्वेला यांनी. साडेसहा फुटांचा, धिप्पाड देहाचा हा खर्जातला गायक १९७२ पासून १९७९ पर्यंत महोत्सवाचा कलादिग्दर्शक होता. १९७३ मध्ये आउगुस्ट एव्हरडिंग यांनी बसवलेला मोत्झार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. १९७५ मध्ये किल्ल्याला पाचशे वर्षे झाली, त्या निमित्ताने आउलिस साल्लिनेन यांनी ‘रात्सुमिएस’ म्हणजे ‘घोडेस्वार’ हा ऑपेरा रचला. त्याची संहिता कवी पावो हाविक्को यांची. त्याचे कथानकही स्वीडन आणि रशिया या दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचे. ताल्वेला आणि साल्लिनेन दोघेही १९३५ चे. ताल्वेला हीतोलाचे, साल्लिनेन साल्मीचे. ही दोन्ही गावे कारेलियात आहेत आणि दोन्ही आज रशियात आहेत. गाव गमावलेल्या दोन मुलांनी चाळिशीत येऊन सीमेवरच्या किल्ल्यात सीमेचे गाणे उभे केले. मला हे कळले ते किल्ल्यावरून परत आल्यावर, आणि आधी कळले असते तर त्या रात्री मी वेगळ्या कानांनी ऐकले असते असे वाटून हळहळ वाटली.

ऑपेरा मला कळतो असे मी म्हणणार नाही. इथे जुलैतही एकदा येणे झाले होते; त्या संध्याकाळी व्हर्दीचा खेळ होता. लाकडी पुलावरून माणसांची रांग किल्ल्यात जात होती. बायका उंची पोशाखात होत्या, हातात गरम शाली होत्या. जुलै असला तरी दगडी अंगणात रात्री गारवा चढतो. सुमारे २,२०० माणसे बसतात, वर कापडी छप्पर असते, आणि रंगमंचाच्या मागे पडद्याऐवजी किल्ल्याची खरी भिंत. मध्यंतरात बाहेर आलो तर नऊ वाजून गेले होते आणि लख्ख उजेड होता. पाण्यात एक म्हातारा होडी नांगरून बसला होता, कान किल्ल्याकडे लावून. तिकिटे महाग आहेत. गावातले कितीतरी लोक असेच ऐकतात, असे मालकीणबाईंनी नंतर सांगितले.

दर उन्हाळ्यात साधारण ६०,००० प्रेक्षक येतात. जुलैत खोली मिळत नाही, ऑगस्ट सरता सरता हॉटेलांचे पडदे ओढले जातात. आजूबाजूची केरिमॅकी आणि पुंकाहार्यू ही गावे २०१३ मध्ये सावोनलिन्नात विलीन झाली, तरी सगळी मिळून लोकसंख्या तीस-बत्तीस हजारांच्या घरात, आणि ती उतरतीच. तरुण मुले शिकायला बाहेर जातात. पूर्वी उलट होते. इथे शिक्षक घडवणारी संस्था होती, भाषांतराचा अभ्यासक्रम होता. भाषांतराचा विभाग आधी योएन्सूला हलला आणि २०१८ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणही गेले. विद्यापीठाचे पान मिटले की लहान गावातली वसतिगृहे, सायकली, स्वस्त खाणावळी सगळे एकदम ओस पडते. हे पुण्या-सांगलीकडच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

बाजारचौकात मात्र फेब्रुवारीतही एक टपरी उघडी होती आणि तिथे ‘ल्योर्त्सी’ मिळत होती. ही खास या गावची. अर्धचंद्राकृती, चपटी, तेलात तळलेली, आत सफरचंदाचा मुरंबा किंवा खिमा-भात. मुलीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “आई, करंजीच आहे ही, फक्त झोपलेली.” कातणाने नक्षी कापलेली नसते आणि खुसखुशीतपणाही आपल्या करंजीएवढा नसतो, हे दिवाळीच्या फराळाचा मान ठेवून नोंदवते. दुसरे खाणे ‘मुइक्कू’. बोटभर लांबीचे रुपेरी मासे, राय या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले, डोक्याकाट्यासकट खायचे. मांदेली खाणाऱ्याला यात शिकण्यासारखे काही नाही. शेजारच्या पुरुवेसी तळ्यातल्या मुइक्कूला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तिथले कोळी हिवाळ्यात बर्फाखालून जाळे ओढतात: एका टोकाला बर्फ फोडून जाळे सोडायचे, दोरी खालच्या खाली पुढच्या भोकापर्यंत न्यायची, आणि शेवटी मोठ्या भोकातून बाहेर खेचायचे.

केरिमॅकीच्या चर्चबद्दल दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. १८४७ मध्ये पुरे झालेले हे चर्च जगातले सर्वांत मोठे लाकडी चर्च मानतात. लांबी ४५ मीटर, रुंदी ४२ मीटर, तीन हजारांवर माणसे बसतील एवढी बाके. एवढ्याशा खेड्यात हे कशाला, तर लोक सांगतात की नकाशातली मापे वाचताना गवंड्यांचा घोटाळा झाला, सेंटिमीटरचे आकडे इंचांत धरले गेले. गोष्ट मजेची आहे, पण फिनलंडमध्ये मेट्रिक पद्धत आली ती १८८० च्या दशकात, त्यामुळे ती टिकत नाही. पाद्र्यांना निम्मा परगणा एका वेळी आत बसवायचा होता, एवढेच. एवढी इमारत थंडीत गरम करणे अशक्य, म्हणून हिवाळ्यासाठी बाजूला वेगळे लहान चर्च बांधावे लागले. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या चर्चला कुलूप होते.

२०२२ नंतर सीमा पुन्हा जागी झाली आहे. सावोनलिन्नापासून ती साठेक किलोमीटरवर आहे. आधीच्या दोन-तीन दशकांत रशियन पर्यटक इथल्या दुकानांचे मोठे गिऱ्हाईक होते, कित्येकांनी साइमाकाठी घरे घेतली होती. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ते येणे आटले, कालव्यातली वाहतूक जवळजवळ थांबली, २०२३ च्या एप्रिलमध्ये फिनलंड नाटोत गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्वेकडची सगळी नाकी बंद झाली. बाजारचौकातल्या एका दुकानावर रशियन अक्षरांतली पाटी अजून आहे, तिच्यावरून कोणीतरी अर्धवट रंग फिरवला आहे.

मालकीणबाईंना याबद्दल मी विचारलेच. त्या म्हणाल्या, “नॉर्पाला कुठे पारपत्र लागते?” आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. नॉर्पा म्हणजे साइमाचा सील. हिमयुग संपल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली, समुद्राशी असलेली वाट तुटली आणि काही सील या गोड्या पाण्यात अडकले. हजारो वर्षे ते इथेच आहेत. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. १९८० च्या दशकात ते दोनशेहूनही कमी उरले होते, आज पाचशेच्या आसपास आहेत. वसंत ऋतूत, १५ एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत, त्यांच्या पाण्यात जाळी लावायला बंदी असते, कारण पिल्ले जाळ्यांत अडकून मरतात. आणि हाउकिवेसी व पिहलायावेसी, म्हणजे किल्ल्याच्या दोन्ही बाजूंची तळी, हीच त्यांची मुख्य घरे.

मादी फेब्रुवारी-मार्चमध्ये किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात गुहा करून पिल्लू घालते. अलीकडे हिवाळे उबदार झाले, ढिगारे साचत नाहीत, तेव्हा स्वयंसेवक तळ्यावर जाऊन फावड्यांनी बर्फ ओढून कृत्रिम ढिगारे रचतात. त्या ढिगाऱ्यात सील येईलच याची खात्री नसते, आणि आला तरी तो दिसत नाही. रचणाऱ्याने रचून निघून जायचे, पुन्हा तिकडे फिरकायचे नाही. मालकीणबाईंचा नातू दर जानेवारीत त्यासाठी हेलसिंकीहून येतो. त्याने अजून एकदाही सील पाहिलेला नाही, असे त्या म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांनी विषय बदलला नाही.

परतीच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा क्यूरोनसाल्मीपाशी गेलो. उघड्या पाण्याच्या कडेला बर्फावर एक लहानसा, पांढऱ्या छातीचा काळा पक्षी शेपूट उडवत उभा होता. त्याला ‘कोस्किकारा’ म्हणतात. जिथे पाणी गोठत नाही अशाच जागी तो हिवाळा काढतो. एकदम त्याने पाण्यात सूर मारला. प्रवाह जोराचा होता, आणि तो किल्ल्याच्या भिंतीच्या बाजूला कुठेतरी वर येईल म्हणून आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो. मुलीने घड्याळ दाखवले. पारिक्कलाला आगगाडी बदलायची होती. तिथून पूर्वी रूळ एलिसेनवाराकडे जात. पक्षी जिथे बुडाला होता त्याच्या अगदी जवळच वर आला आणि त्याच बर्फावर जाऊन बसला.